बोरघाट, सासऱ्यांसकट

सायकल माझी स्वतःची आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण खालापूर तालुक्यातल्या एका गावात ती माझी नाही असं आज लहानथोर सगळे धरून चालतात, आणि तसं त्यांना सांगितलं तेही मीच.

तिच्या चेनकव्हरवर पिवळ्या रंगात 'हरिश्चंद्र कोंडाजी दळवी' असं माझं पूर्ण नाव रंगवलेलं आहे. पेंटर म्हणाला होता, आद्याक्षरं घाला, जागा पुरायची नाही. मी म्हटलं, अक्षरं बारीक काढ, पण नाव सगळं काढ. परळला आमच्या चाळीत चौऱ्याऐंशी बिऱ्हाडं, आणि सायकल एक. माणसाने गर्व करू नये हे मला कळतं. पण गर्व करण्यासारखी वस्तू घरात असली की कळून काही उपयोग होत नाही.

मी म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात कारकून आहे. एकदा कचेरीच्या कामासाठी आगगाडीने पुण्याला गेलो होतो, तेव्हा बोरघाटात खिडकीतून खाली मोटाररस्ता दिसला. त्या रस्त्यावरून एक गोरा साहेब सायकलवरून खाली येत होता. त्याने दोन्ही पाय पॅडलवरून उचलून हँडलवर ठेवले होते आणि तोंडात चिरूट होता. गाडी बोगद्यात शिरली आणि साहेब गेला. पण माझ्या डोक्यातून तो चार वर्षं गेला नाही. आयुष्यात एकदा तरी खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत तसं उतरायचं, एकट्याने, पाय हँडलवर ठेवून, एवढीच माझी इच्छा होती. चिरूट नसला तरी चालेल.

कुणी म्हणेल, सायकल आगगाडीत घालून खंडाळ्याला न्यायची आणि तिथून उतरायचं. मलाही हे सुचलं होतं. पण चढल्याशिवाय उतरणं मला लबाडी वाटते. आमच्या खात्यात आधी पंप, मग नळ.

सन बत्तीसच्या वैशाखात माझं लग्न झालं. बायकोचं नाव शकू, माहेर खालापूर तालुक्यात, खोपोलीपासून दोन कोसांवर. लग्नात मांडवाच्या दारात उभं राहिलं की समोर अख्खा घाट दिसत होता. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि मी रस्त्याची वळणं मोजत होतो. दिवाळसणाला जावं लागणार हे ठरलेलंच होतं. मी पाच दिवसांची रजा टाकली. त्यातले चार सासुरवाडीला आणि एक घाटाला, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब पहिल्याच दिवशी बिघडला. शकू आधीच माहेरी गेली होती. मी कर्जतला उतरलो, गार्डाच्या ब्रेकच्या डब्यातून सायकल काढली, आणि दहिवलीवरून पळसदरीच्या अंगाने सायकल हाणत संध्याकाळी गावात पोचलो. धुळीने माखलेला, घामाने निथळलेला. तिकडे माझा मेहुणा मोरू बैलांची शिंगं रंगवून, त्यांच्या पाठीवर झुली घालून, खोपोली स्टेशनावर माझी वाट बघत बसला होता. सासरे, नागोजी ठोंबरे, ओटीवर उभे होते. छप्पन वर्षांचे, सडसडीत, डोक्याला पागोटं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जावई घाम गाळत आला म्हणजे सासऱ्याने गाडी धाडली नाही, असा त्याचा अर्थ होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री जेवणं व्हायच्या आत तिघं येऊन विचारून गेले, "नागू, बैलं आजारी हायत का रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला आणि सायकलीला गाडीत घातलं, गाडी वेशीबाहेर नेली, आणि तिथून वाजतगाजत पुन्हा गावात आणली. सासूबाईंनी, येसूबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी आदल्या दिवशी आलोच नव्हतो असं सर्वानुमते ठरलं. माझी अर्धी सकाळ गेली.

मग अभ्यंगस्नान, मग लक्ष्मीपूजन, मग पाडवा, मग भाऊबीज. जावयाला कुठल्याच दिवशी मोकळीक नसते. तो पाटावर बसलेला असतो. मी चार दिवस पाटावर बसलो होतो आणि समोरच्या दारातून मला घाट दिसत होता. सायकल माजघरात उभी होती. तिलाही हळदकुंकू लावलं होतं. मामा येताजाता तिच्यासमोर उकिडवे बसायचे आणि चेनकव्हरवर बोट ठेवून वाचायचे, "ह-रि-श्चं-द्र." ते तिसरीपर्यंत शिकले होते. 'श्चं'पाशी त्यांना दम घ्यावा लागे. पण नाव पुरं वाचल्याशिवाय ते उठत नसत, आणि मला ते आवडे.

मात्र हात लावायचे ते नुसत्या नावाला. मोरूने सायकल अंगणात फिरवून पाहिली, शेजारचे चारजण फिरवून पडले, पण मामांनी हँडलसुद्धा धरलं नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, लेक-जावयाच्या वस्तूचा उपभोग घेऊ नये, ही चाल आमच्याकडेही आहे, पण आम्ही ती जरा सैल पाळतो. मामा तसूभरही सैल पाळत नसत. श्रावणात ते आमच्या परळच्या खोलीवर आले होते, तेव्हा तांब्यात गावाकडचं पाणी आणि फडक्यात भाकरी घेऊन आले. गॅलरीत स्वतःचं घोंगडं टाकून बसले, स्वतःचं पाणी प्याले आणि लेकीला बघून संध्याकाळच्या गाडीने परत गेले. पाणीखात्यातल्या माणसाच्या घरी हे घडलं.

भाऊबीजेच्या रात्री मी विषय काढला. म्हटलं, "मामा, उद्या रजेचा शेवटचा दिवस. परवा सकाळच्या गाडीने आम्ही निघू. उद्या मी सायकलने घाट चढून येतो."

"घाटात काय काम हाय?"

"काम नाही. बघायला."

मोरू हसायला लागला, त्याच्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि तो हसायचा थांबला. "बघायला," ते स्वतःशीच म्हणाले. मग येसूबाईंकडे वळून त्यांनी काहीतरी हळू आवाजात सांगितलं. त्या म्हणाल्या, "लाल हाय की. लग्नातलं." मला वाटलं काही देण्याघेण्याचं असेल. मी लक्ष दिलं नाही.

सकाळी सहाला मी सायकल बाहेर काढली. येसूबाईंनी दशम्या बांधून दिल्या. एवढ्या पहाटे त्यांच्या खांद्यावर लाल लुगडं होतं आणि त्या ते घेऊन खळ्याकडे निघाल्या होत्या. मला वाटलं, काय हौस आहे या बाईंना धुण्याची. तेवढ्यात मामा आतून आले. धुवट धोतर, नवं पागोटं, पायात कोऱ्या वहाणा, अजून तेलही न प्यायलेल्या.

"पाण्यापर्यंत येतो," ते म्हणाले.

निघालेल्या पाहुण्याला वाहत्या पाण्यापर्यंत पोचवायचं, ही रीत मला माहीत होती. गावाबाहेर दोनशे पावलांवर ओढा होता. म्हटलं, दोनशे पावलं चालू. ओढ्यापाशी मी सायकल थांबवली, वाकून नमस्कार केला आणि टांग टाकणार तोच मामा ओढ्यात बघून म्हणाले, "ह्यो काय वढा? म्हशीचं खूर बुडत नाय. पुढं चला."

पुढे शकूच्या चुलत्यांचं घर लागलं. जावई घरावरून जाणार आणि घरात येणार नाही, असं चालत नाही. पाट, चहा, करंजी, नारळ. तिथून मैलावर मावशींचं घर. पाट, चहा, चकली, नारळ, टोपी. खोपोलीच्या अलीकडे मोरूची सासुरवाडी, मामांचे व्याही. पाट, चहा, दोन्ही पदार्थ, नारळ, पांढरं उपरणं. मला आतून राग येत होता आणि वरून मी करंज्या खात होतो. दोन कोस जायला साडेचार तास लागले. इतक्या वेळात मी परळहून कल्याणला जाऊन परत आलो असतो. कॅरिअरवर तीन नारळ बांधलेले, डोक्यावर नवी टोपी, गळ्यात उपरणं, आणि शेजारी मामा.

खोपोलीत पाताळगंगा भरून वाहत होती. वीजघरातून सुटलेलं पाणी फेसाळत नदीला मिळत होतं. मी मनात म्हटलं, आता याला तरी पाणी म्हणतील.

मामांनी काठावर उभं राहून नदीकडे बराच वेळ पाहिलं. "हे पानी नाय धरायचं," ते म्हणाले.

"का?"

"हे कंपनीचं. वरच्या तळ्यातनं नळानं खाली आनलंय. त्यातली वीज काढून घेतल्याली हाय. मागं राह्यलंय त्याला पानी कसं म्हनायचं?"

"मामा, मी पाणीखात्यात आहे. पाणी ते पाणी."

"तुमच्या खात्यात आसंल."

यापुढे घाटात वाहतं पाणी कुठे आहे, असं मी विचारलं. मामांनी डोंगराकडे पाहिलं. म्हणाले, "वर बघू."

तेव्हा मला कळलं की हा गृहस्थ वरपर्यंत येणार. तरी मी धीर सोडला नाही. हिशेब सरळ होता. माणूस चालतो आणि सायकल धावते. पहिल्याच वळणावर मामा मागे पडतील, दमतील, सावलीला बसतील, आणि मी येताना त्यांना रामराम करत खाली जाईन. मी टांग टाकली.

घाटाच्या चढावर सायकल धावत नाही, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. शंभर हातांवर माझी छाती भरली, दीडशेवर मी उतरलो. त्यानंतर सायकलवर घाट चढणं म्हणजे सायकलला धरून घाट चालणं, एवढंच राहिलं. मामा शेजारून चालत होते. त्यांना धाप लागली नव्हती. मी सायकल, तीन नारळ आणि पाच दिवसांचा फराळ ढकलत होतो. त्यांना फक्त स्वतःला न्यायचं होतं. मधूनमधून ते थांबत, ते माझ्यासाठी.

सायकलला हात लावा म्हणणं शक्य नव्हतं आणि ते लावणारही नव्हते. एकदा ती दगडावरून घसरून कलंडायला लागली, तर मामांनी हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. सायकल पडली. आम्ही दोघांनी पडलेल्या सायकलकडे पाहिलं.

तिसऱ्या वळणावर मागून एक ठाकरीण आली. डोक्यावर लाकडांची मोळी, खंडाळ्याच्या बंगल्यांवर घालायला चाललेली. मामांच्या ओळखीची होती, पारू नाव तिचं. ती आमच्या बाजूने पुढे गेली, मग थांबून वळली.

"गाडी मोडली का रं?"

"मोडली नाही," मी म्हटलं.

"मंग बसत का नाय?"

मी म्हटलं, येताना बसणार आहे. तिने मोळी सावरली आणि मामांना विचारलं, "नागू, भात उभं टाकून कुठं रं?"

"जावयाला पोचवाय," मामा चटकन म्हणाले. इतक्या चटकन की जणू गाव सोडल्यापासून ते या प्रश्नाचीच वाट बघत होते. पारू मान हलवून पुढे गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

वाटेत शिंग्रोबा लागला. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं देऊळ ते. येणारा-जाणारा तिथे काहीतरी ठेवूनच पुढे जातो. मी नारळ सोडायला लागलो तर मामा म्हणाले, "उतरताना. चढताना मागायचं, उतरताना द्यायचं." म्हणून तीनही नारळ वर गेले.

वर पोचायला अडीच वाजले. रस्त्याच्या कडेला दगडी कठडा आहे. तिथून सगळं खालचं दिसतं. मी सायकल कठड्याला टेकवली आणि दशम्या सोडल्या. मामा जेवायला बसले नाहीत. कठड्यावर दोन्ही तळहात टेकून उभे राहिले.

खाली भाताची खाचरं पिवळी पडली होती. काही कापलेली, काही उभी. मध्ये पाताळगंगा वळणं घेत गेलेली.

"ती वाकन बघा," मामा म्हणाले. "वाकनीच्या डाव्या अंगाला चिंच. चिंचेच्या खाली खळं. खळ्यात लाल हाय का काय?"

मी चष्मा पुसून पाहिलं. मला चिंचही दिसली नाही. दिसेल तरी कसं, मधलं अंतर चार मैल तरी असेल. मी तसं सांगितलं.

"हाय," मामा म्हणाले. "हाय की. तिनं लुगडं पसरलंय."

मी दशमी खाल्ली. शेवटी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "छप्पन वरसं खालनं वर बघतोय. वरनं खाली आपन कसं दिसतो, ते येकदा बघायचं व्हतं. पन घाटात माजं काम नाय. तुमी मुंबैचं, तुमी बघाय म्हनून जाता. मी गेलो तर लोक म्हनतील, नागूचं डोकं फिरलं, भात कापायचं सोडून डोंगर बघत हिंडतोय. जावयाला पोचवाय गेलो म्हनल्यावर कोन काय बोलतंय?"

मला फार वाईट वाटलं. सकाळपासून मी मनातल्या मनात या माणसाला जे जे म्हटलं होतं ते सगळं आठवलं. पण वाईट वाटलं तरी उताराची इच्छा गेली नव्हती, हेही खरं सांगतो. समोर आठ मैलांचा रस्ता होता, ऊन कलत होतं, वर-खाली मोटार नव्हती. पुन्हा रजा पुढच्या दिवाळीला.

मामांनीच सोडवणूक केली. ते वळून चालायला लागले तेव्हा मला त्यांची टाच दिसली. कोऱ्या वहाणांनी सोलून काढली होती. पांढरं धोतर खाली लाल झालं होतं. खोपोलीपासून ते तसेच चालत आले असले पाहिजेत.

"चढताना पाय बोलत न्हाय," ते म्हणाले. "उतरताना बोलतो. तुमी व्हा पुढं. मी येतो हळूहळू. तुमास्नी बसून जायचंय, मला ठावं हाय."

"तुम्ही एकटे?"

"आता कसला येकटा? ती खाली हाय की बसल्याली." त्यांनी हनुवटीने लुगड्याच्या दिशेला दाखवलं.

मी गेलो. यात काही लपवण्यासारखं नाही, कुणीही गेला असता. सायकलवर बसलो, ब्रेक सोडला, आणि पहिल्या वळणानंतर रस्ता आपला आपण खालून वाहायला लागला. पॅडलं थांबली. वारा टोपीत शिरला आणि टोपी गेली. मी ओरडलो, काय ते आठवत नाही. दुसऱ्या वळणानंतर सरळ पट्टा आला, आणि मी एक पाय उचलून हँडलवर ठेवला. त्यापेक्षा जास्त सुखी मी कधी झालो असेन तर ते मला माहीत नाही. दुसरा पाय उचलायच्या बेतात होतो तर पुढे शिंग्रोबाचं देऊळ आलं, आणि देणं द्यायचं होतं म्हणून थांबलो.

नारळ फोडला. पाणी देवाला घातलं, एक भकल ठेवलं. दुसऱ्याचा प्रसाद केला आणि हात पुढे केला, तर घ्यायला कुणी नव्हतं. मी तसाच हातात खोबरं घेऊन उभा राहिलो. वर पाहिलं. वरच्या वळणाच्या मोरीवर मामा बसलेले दिसले. वहाणा हातात. ते माझ्याकडे बघत नव्हते. खाली शेतांकडे बघत होते.

मला एकदम संताप आला. मामांचा, त्या चालीचा, कोऱ्या वहाणा शिवणाऱ्याचा, आणि हँडलवर ठेवायचा राहून गेलेल्या दुसऱ्या पायाचा. त्या संतापात मी सायकल वळवली आणि तोच चढ पुन्हा चढायला लागलो. चढून पोचलो तेव्हा बोलता येत नव्हतं. मी खोबरं त्यांच्या हातावर ठेवलं, उरलेले दोन नारळ सोडून हँडलला अडकवले आणि कॅरिअरवर थाप मारली.

"बसा."

"नको."

"टाचेतून रक्त येतंय. आठ मैल आहे. पुढे गावापर्यंत दोन कोस."

"येवढं काय न्हाय." ते शांतपणे खोबरं खात होते. "शकूच्या मांडीवर पोर आलं की बसंन. तवर न्हाय बसायचं जावयाच्या गाडीवर."

मी चाळीतला एकुलता सायकलवाला. पाच दिवसांत गावात जो भेटला त्याला मी सांगितलं होतं की सायकल माझी, स्वतःची, रोख घेतलेली. मी चेनकव्हरकडे पाहिलं. मग म्हटलं, "मामा, ही सायकल माझी नाही."

मामा खायचे थांबले.

"दोस्ताची आहे. दिवाळीपुरती मागून आणली."

"कुनाची?"

"गजाची. आमच्या चाळीत राहतो."

चाळीत गजा नावाचं कुणी राहत नाही. मामांनी मान खाली घातली. चेनकव्हर त्यांच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होतं. त्यांचे ओठ हलले. ह, रि, आणि मग तो 'श्चं', जिथे ते नेहमी दम घेत. या वेळी तिथे ते थांबले आणि पुढे वाचलं नाही. त्यांनी माझ्या गळ्यातलं उपरणं काढून घेतलं, व्याह्यांनी दिलेलं, आणि चेनकव्हरवर दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली. माझं नाव पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत झाकलं गेलं.

"चेनीत धोतर जायाचं," ते म्हणाले. मग उठले. "दोस्ताची म्हनता, मंग बसतो. दोस्ताला पुन्य लागंल."

ते एका अंगाला पाय सोडून बसले, ताठ, पागोटं एका हाताने धरून. दुसरा हात माझ्या खांद्यावर. दोघांच्या वजनाने ब्रेक केकाटायला लागले. मी दोन्ही बुटांचे तळवे रस्त्याला घासत होतो. पाय हँडलवर ठेवायची सोयच नव्हती. पहिल्या वळणावर मामांनी "इट्ठल" म्हटलं. दुसऱ्या वळणावर काहीच म्हटलं नाही. तिसऱ्या वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मी मान वळवून पाहिलं, तर ते दरीकडे तोंड करून बसले होते आणि हसत होते. दात दिसत होते. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा.

पारू मोळी घालून परत निघाली होती. आम्ही तिच्या बाजूने गेलो तेव्हा ती ओरडली, "आता बसलास का रं!" ते मला म्हणाली की मामांना, ते कळलं नाही. मामांनी हात हलवला.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. येसूबाई खळ्यात लुगड्याची घडी घालत होत्या. त्यांनी सायकल, कॅरिअर, धोतरावरचं रक्त, सगळं पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "दिसलं?"

"दिसलं," मामा म्हणाले.

त्या घडी घालत राहिल्या. पण ती घडी त्यांनी तीनदा मोडून पुन्हा घातली.

त्यानंतर मामा ओटीवर बसले, आणि कुणी विचारायच्या आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "सायकल जावयाची न्हाय बरं का. दोस्ताची हाय. म्हनून बसलो." ते त्यांना सांगावंच लागत होतं. गावाने त्यांना जावयाच्या सायकलवर बसून येताना पाहिलं होतं. अर्ध्या तासात बातमी वेशीपर्यंत गेली. मोरू माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागला. चुलते मुद्दाम येऊन म्हणाले, "पाव्हणं, मानसानं आसंल त्यात भागवावं. मागून आनल्याल्या वस्तूचा येवढा डौल बरा न्हाय." मी हो म्हटलं. मला ते लागलं, फार लागलं. पाच दिवस मिरवलेली वस्तू अशी डोळ्यांदेखत परकी झाली.

शकूने मात्र काही विचारलं नाही. ती रोज त्या सायकलवर फडकं मारणारी. सकाळी निघताना तिने चेनकव्हरवरचं उपरणं सोडलं, नावावरची धूळ पुसली, आणि ते पुन्हा आधी होतं तसंच गुंडाळून गाठ मारली. मग डोळ्यांना पदर लावून गाडीत जाऊन बसली. गाडी मोरू हाकत होता, स्टेशनापर्यंत पोचवायला मामाही निघाले. वाटेत पाताळगंगा लागली. तिथे त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, आणि म्हणाले, "पानी आलं. हितनं मी फिरतो." कंपनीचं पाणी आज चाललं.

याला वर्ष होत आलं. शकूला अजून मूल नाही. परवा मामांचं पोस्टकार्ड आलं. तिसरीपर्यंतचं अक्षर, एकेक अक्षर दाबून काढलेलं. दिवाळीस येण्याचे करावे, भात बरे आले आहे, बैल ठीक आहेत, गाडी स्टेशनावर धाडतो, सायकलवर बसून येऊ नये. खाली जागा उरली होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'गजा दोस्तास आमचा रामराम सांगणे. त्यांची सायकल मोकळी असल्यास संगती घेऊन येणे. हिला वरून घर बघायचे आहे. लुगडे या खेपेस मी पसरीन.'

मी ते पत्र शकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, विचारा ना मग गजाभावोजींना.

मी विचारलं. तो हो म्हणाला.